यादी उलटसुलट लागते, नावे गायब होतात: जावामध्ये ऑब्जेक्टची तुलना नेमकी कुठे चुकते?

गोव्यातल्या फोंड्यात बसून मी वाचनालये, पतसंस्था आणि देवस्थानांसाठी छोटे प्रोग्राम लिहितो. सभासदांची यादी, वर्गणीची पावती, पुस्तकांची देवघेव, असे साधे काम. त्यात एकच बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता फोनवर पहिले वाक्य ऐकले तरी अंदाज येतो. "यादी बरोबर लागत नाही" किंवा "अर्धी माणसे दिसतच नाहीत". सॉर्ट करणाऱ्या यंत्रणेत दोष असेल असे सगळ्यांना वाटते. आजवर एकदाही तो तिथे निघालेला नाही. दोष असतो आपण लिहिलेल्या तुलनेच्या नियमात.

मुळात दोन प्रश्न वेगळे आहेत. "हे दोन सभासद एकच का?" हा पहिला, आणि "यादीत आधी कोण?" हा दुसरा. जावा या प्रोग्रामिंग भाषेत पहिल्याचे उत्तर इक्वल्स ही मेथड देते, दुसऱ्याचे कम्पेअरटू किंवा कम्पॅरेटर. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की खालची लक्षणे दिसू लागतात.

लक्षणे

- यादीत नाव डोळ्यांना दिसते, पण शोधले की "सापडले नाही" असे उत्तर येते.
- तोच सभासद दोनदा येतो. सेट (दुबार नोंद न ठेवणारा साठा) वापरूनही दुबार नोंद जात नाही.
- उलट, दहा नाईक भरले तर यादीत एकच नाईक उरतो.
- पहिल्या १२७ सभासदांपर्यंत सगळे ठीक, १२८व्यापासून गडबड.
- १० क्रमांकाचे घर ९ च्या आधी येते.
- तीन आठवड्यांची यादी बरोबर, तिमाहीची चुकीची.
- तुमच्या संगणकावर चालते, पण कार्यालयात खरी यादी टाकली की प्रोग्राम कोसळतो आणि "कम्पॅरिझन मेथड व्हायलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट" असा संदेश येतो.

यातले कोणते लक्षण तुमचे आहे ते कागदावर लिहा. मग डेटाची एक प्रत बाजूला ठेवा आणि मोजा: सॉर्टच्या आधी किती नोंदी, नंतर किती? याला दोन मिनिटे लागतात. संख्या घटली असेल तर गडबड सेट किंवा मॅपमध्ये (किल्लीवरून नोंद देणाऱ्या साठ्यात) आहे. संख्या तेवढीच असून क्रम बिघडला असेल तर तुलनेत आहे. एवढ्यावरच अर्धा शोध संपतो.

पहिली तपासणी: डबल इक्वल

कोडमध्ये ऑब्जेक्टच्या, म्हणजे वस्तूंच्या, तुलनेसाठी == वापरले आहे का ते शोधा. हे चिन्ह विचारते की दोन्ही नावे मेमरीतल्या एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का. आतला मजकूर सारखा आहे का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. एकाच सभासदाची नोंद फाइलमधून दोनदा वाचली तर दोन वेगळ्या वस्तू तयार होतात आणि == नाही म्हणते.

१२७ चे कोडेही इथेच सुटते. सभासद क्रमांक साध्या इंटऐवजी इंटिजर या ऑब्जेक्टमध्ये ठेवला असेल, तर जावा -१२८ ते १२७ या आकड्यांच्या वस्तू आधीच तयार ठेवते आणि त्याच पुन्हा वापरते. त्या टप्प्यात == योगायोगाने खरे ठरते. १२८ ला नवी वस्तू बनते आणि नशीब संपते. पन्नास नोंदींवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही.

दुसरी: इक्वल्स खरोखर बदलली आहे का?

स्वतःच्या क्लासमध्ये इक्वल्स लिहिली नसेल, तर जावाची मूळ इक्वल्स चालते आणि ती == सारखीच वागते. हे बहुतेकांना माहीत असते. निसटते ते पुढचे: मेथड लिहिली, पण कंसात "ऑब्जेक्ट" ऐवजी "सभासद" हा प्रकार दिला. प्रोग्राम विनातक्रार कंपाइल होतो. पण ती मूळ मेथडची बदली नसते, त्याच नावाची शेजारीण असते. लिस्ट आणि सेट मूळ मेथडलाच हाक मारतात, तुमची कधी चालतच नाही. उपाय फुकटचा आहे: मेथडच्या डोक्यावर ॲट-ओव्हरराइड लिहा. मेथडची सही, म्हणजे नाव आणि कंसातले प्रकार, मूळ मेथडशी जुळत नसेल तर कंपायलर तिथेच अडवेल.

तिसरी: हॅशकोड

हॅशसेट आणि हॅशमॅप आधी हॅशकोड (वस्तूवरून काढलेला एक आकडा) विचारून कोणत्या खणात पाहायचे ते ठरवतात, आणि इक्वल्स त्या खणातल्यांपुरतीच विचारतात. इक्वल्स बदलली पण हॅशकोड तसाच ठेवला, तर एकाच सभासदाच्या दोन नोंदी बहुधा वेगवेगळ्या खणांत पडतात आणि त्यांची गाठच पडत नाही. म्हणून इक्वल्स ज्या फील्डवर, हॅशकोडही त्याच फील्डवर. पायथन ३ मध्ये फक्त समानतेची मेथड लिहून अशी वस्तू सेटमध्ये घालायला गेलात तर लगेच एरर येतो. जावा मुकाट्याने चालू राहते, म्हणून इथे जास्त सावध राहावे लागते.

जावा १६ किंवा पुढची आवृत्ती असेल तर सभासदाला रेकॉर्ड करून टाका. इक्वल्स आणि हॅशकोड दोन्ही आपोआप मिळतात. क्रम मात्र मिळत नाही, तो तुम्हालाच सांगावा लागतो. आणि रेकॉर्डमध्ये ॲरे असेल तर त्याची तुलना मजकुरावर होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

चौथी: आकडा आणि तारीख मजकूर म्हणून ठेवली आहे का?

मजकूर डावीकडून एकेका अक्षराने तुलना होतो. "१०" मधला १ हा "९" च्या आधी, म्हणून दहा नंबरचे घर नवाच्या आधी. तारखांचा प्रकार याहून फसवा, कारण तो कधी कधी बरोबर निघतो. वाचनालयातल्या गोव्याच्या इतिहासाच्या कात्रणांची यादी करताना मी हे शिकलो. १८/०६/१९४६ ही लोहियांच्या मडगावच्या सभेची तारीख, १९/१२/१९६१ मुक्तीची, ३०/०५/१९८७ घटक राज्याची. या तिन्ही मजकूर म्हणून लावल्या तरी क्रम अचूक येतो, कारण १८, १९, ३० हे दिवसच योगायोगाने चढत्या क्रमात आहेत. मी खूश झालो. मग जनमत कौलाची १६/०१/१९६७ ही तारीख घातली आणि ती थेट १९४६ च्या वर जाऊन बसली. म्हणून चाचणीसाठी नेहमी असा डेटा घ्या ज्यात दिवसाचा क्रम आणि वर्षाचा क्रम उलटे असतील. आणि तारीख लोकलडेट या प्रकारातच ठेवा.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते. काही नोंदी मराठी अंकांत, काही इंग्रजी अंकांत. जावाचे आकडा वाचणारे पार्सइंट मराठी "१०" सुद्धा दहाच वाचते, पण मजकूर म्हणून मराठी दहा आणि इंग्रजी दहा पूर्ण वेगळे. नोंद आत घेतानाच सगळे आकड्यात बदलून ठेवले तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

पाचवी: शून्य म्हणजे "एकच"

माझ्याकडे सर्वाधिक वेळा आलेला बिघाड हाच. एका देवस्थानाची वर्गणीदारांची यादी आडनावानुसार लागावी म्हणून कोणीतरी ट्रीसेट (नोंदी क्रमाने लावून ठेवणारा सेट) वापरला आणि कम्पॅरेटरमध्ये फक्त आडनावाची तुलना केली. ट्रीसेट इक्वल्सला विचारतच नाही. त्याच्या लेखी तुलनेचे उत्तर शून्य आले की वस्तू एकच, दुसरी आत घ्यायची गरज नाही. आपल्या गावांत नाईक, गावडे, गावकर किती, हे सांगायला नको. प्रत्येक आडनावाचा पहिला माणूस राहिला, बाकीचे दारातच थांबले. ना एरर, ना इशारा. जत्रेच्या पावत्या फाडताना लोक स्वतःचे नाव शोधू लागले तेव्हा कुठे कळले. आपले नाव यादीतून गेलेले पाहून वयस्कर माणसाला काय वाटते ते मी त्या दिवशी पाहिले. तेव्हापासून ही तपासणी मी कधीही वगळत नाही.

उपाय: तुलना अशा फील्डवर संपवा जे दोघांचे सारखे असूच शकत नाही. आधी आडनाव, मग नाव, आणि सर्वांत शेवटी सभासद क्रमांक. जावा ८ पासून कम्पॅरेटरमध्ये कम्पेअरिंग आणि देनकम्पेअरिंग आहेत, त्यांची साखळी एका ओळीत लिहिता येते. किंवा साधी लिस्ट घेऊन ती सॉर्ट करा. लिस्ट शून्य उत्तरावर कोणाला हाकलत नाही, उलट सारख्या ठरलेल्यांचा मूळ क्रम जसाच्या तसा राखते.

अचूक दशांश आकड्यांसाठी असलेल्या जावाच्या स्वतःच्या बिगडेसिमलमध्येही हा फरक आहे. २.० आणि २.०० यांना इक्वल्स वेगळे मानते, कम्पेअरटू सारखे. दोन्ही हॅशसेटमध्ये घाला, दोन राहतात. ट्रीसेटमध्ये घाला, एक राहते. पतसंस्थेच्या हिशेबात रक्कम किल्ली म्हणून वापरत असाल तर हे आधी पाहा.

सहावी: वजाबाकीने केलेली तुलना

"पहिल्यातून दुसरा वजा करा आणि तेच उत्तर परत द्या" ही जुनी सवय अजून खूप कोडमध्ये सापडते. इंटची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. तिच्याबाहेर गेले की चिन्ह उलटते. एवढे मोठे आकडे आपल्याकडे कुठून येणार, असे वाटेल. येतात. वेळ मिलिसेकंदांत साठवलेली असते, दोन वेळांमधला फरक काढून तो इंटमध्ये कोंबला जातो, आणि ही मर्यादा मिलिसेकंदांत जेमतेम २४ दिवस २० तासांची भरते. फरक त्याहून वाढला की नंतरचे आधी दिसू लागते. पुस्तकांच्या देवघेवीची तीन आठवड्यांची यादी बरोबर आणि तिमाहीची चुकीची, असे ज्यांनी मला सांगितले त्यांच्याकडे हेच निघाले. वजाबाकी काढून टाका, इंटिजर किंवा लाँगची कम्पेअर मेथड वापरा. दशांश आकड्यांसाठी डबलची.

सातवी: रिव्हर्स्डची जागा

आडनाव चढते आणि प्रवेशाची तारीख उतरती हवी, म्हणून साखळीच्या शेवटी रिव्हर्स्ड लावले तर तोवरची अख्खी साखळी उलटते. उतरत्या क्रमाचा कम्पॅरेटर स्वतंत्र बनवून देनकम्पेअरिंगच्या आत द्या.

आठवी: नियम स्वतःशीच भांडतो का?

आता काम अवघड होते. "जनरल कॉन्ट्रॅक्ट" वाला संदेश आला असेल तर इथे वेळ द्यावा लागेल.

तुलनेच्या नियमाकडून जावा काही वचने घेते. अ हा ब च्या आधी असेल, तर ब हा अ च्या नंतरच असला पाहिजे. अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी असेल, तर अ हा क च्याही आधी. जावा ७ पासून ऑब्जेक्टच्या सॉर्टसाठी टिमसॉर्ट आहे. टिम पीटर्स यांनी ते २००२ मध्ये पायथनसाठी लिहिले होते. तुकडे जोडताना अशी विसंगती दिसली तर जावाचे टिमसॉर्ट थांबते आणि एक्सेप्शन फेकते. पण ३२ पेक्षा कमी नोंदी असतील तर ते तुकडे पाडतच नाही, साध्या रीतीने लावून मोकळे होते. म्हणून वीस नोंदींच्या चाचणीत हा एक्सेप्शन येऊच शकत नाही आणि खऱ्या यादीवर येतो. मोठ्या यादीतही तो दर वेळी येईलच असे नाही. आज आला नाही म्हणजे नियम बरोबर आहे, असे धरून चालू नका.

वचन मोडणारे तीन प्रकार मला पुन्हा पुन्हा भेटतात.

पहिला, रिकामे फील्ड. "दोघांपैकी एकाचा घर क्रमांक नसेल तर शून्य परत द्या" असे लिहिलेले असते. मग रिकामा क्रमांक तीनशीही सारखा, सातशीही सारखा, पण तीन आणि सात सारखे नाहीत. रिकामे सगळे वर किंवा सगळे खाली, असे एकदाच ठरवा; नल्सफर्स्ट आणि नल्सलास्ट त्यासाठीच आहेत.

दुसरा, "जवळपास सारखे". काजूच्या वजनात दहा ग्रॅमपर्यंतचा फरक सोडून द्यायचा म्हणून कोणी तसा कम्पॅरेटर लिहितो. १०० आणि १०८ सारखे, १०८ आणि ११६ सारखे, पण १०० आणि ११६ वेगळे. नियम तुटला. आधी वजन ठरावीक टप्प्यांत बसवा, मग टप्प्यांची तुलना करा.

तिसरा सगळ्यांत कपटी, तोही घर क्रमांकांतला. नियम असा: दोन्ही शुद्ध आकडे असतील तर आकडे म्हणून, नाहीतर मजकूर म्हणून तुलना. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. इंग्रजी अंक-अक्षरांत भरलेली ९, १० आणि १ए ही तीन घरे घ्या. ९ आणि १० मध्ये आकडा म्हणून ९ आधी. १० आणि १ए मध्ये मजकूर म्हणून १० आधी. १ए आणि ९ मध्ये मजकूर म्हणून १ए आधी. म्हणजे ९, १०, १ए आणि पुन्हा ९. फुगडीसारखे गोल फिरते, टोकच नाही. इथे क्रमांकाचे दोन फील्ड करा, आकडा वेगळा आणि जोडअक्षर वेगळे, आणि दर वेळी त्याच क्रमाने तुलना करा.

शोधण्यासाठी छोटा चाचणी-प्रोग्राम लिहा: खऱ्या डेटातल्या शंभरेक नोंदी घ्या, त्यातल्या प्रत्येक तिघांवर वरची वचने पडताळा. संगणकाला हे दहा लाख तपास काहीच नाहीत, आणि भांडणारे त्रिकूट त्या शंभरांत असेल तर ते नेमके हातात येते.

एक कळकळीची विनंती. जुने सॉर्ट परत चालू करणारी लेगसीमर्जसॉर्ट नावाची सेटिंग आहे आणि लोक ती एकमेकांना सुचवतात. ती लावली की संदेश थांबतो, यादी चुकीचीच राहते.

नववी: आत ठेवल्यावर बदललेली वस्तू

सभासद हॅशसेटमध्ये आहे आणि नंतर त्याचे आडनाव बदलले. लग्नानंतर हे रोजच घडते. हॅशकोड आडनावावर आधारलेला असेल तर वस्तू जुन्याच खणात राहते आणि शोध नव्या खणात होतो. यादी छापली की नाव दिसते, शोधले की नाही. ट्रीसेटमध्येही तसेच. ओळख सभासद क्रमांकावर ठेवा, बदलू शकणाऱ्या गोष्टींवर नको. बदल करायचाच असेल तर आधी बाहेर काढा, बदला, परत घाला.

दहावी: मराठी अक्षरे आणि गोव्यातली नावे

स्ट्रिंगची कम्पेअरटू युनिकोडचे क्रमांक पाहते, वर्णमाला पाहत नाही. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी आणि व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. ॲ या अक्षराचा क्रमांक तर सगळ्या व्यंजनांच्या पुढे आहे, म्हणून ॲग्नेस किंवा ॲलन ही नावे यादीत ह च्याही खाली, तळाला जाऊन बसतात. इंग्रजी नावांत मोठी लिपी आधी येते: मोठ्या झेडचा क्रमांक ९०, लहान ए चा ९७. स्वरचिन्ह असलेली पोर्तुगीज अक्षरे साध्या झेडच्याही नंतर.

त्याहून वाईट म्हणजे दिसायला सारखी, पण आतून वेगळी नावे. ॲ हे एक अखंड अक्षर म्हणून टाइप करता येते, किंवा अ वर चंद्र देऊन. पोर्तुगीज स्वरचिन्हाचेही तसेच, आणि गोऱ्या, दऱ्या या शब्दांतल्या ऱ चेही. जावाचा नॉर्मलायझर पोर्तुगीज अक्षरे एकसारखी करतो, र खाली नुक्ता देऊन टाइप केलेला ऱ सुद्धा करतो. ॲ ची दोन रूपे मात्र तो एक करत नाही, कारण युनिकोड त्यांना समान मानत नाही. ती बदली नोंद आत घेताना आपणच करायची.

क्रमासाठी आयसीयू लायब्ररीचा मराठी कोलेटर (भाषेच्या वर्णक्रमाने तुलना करणारा) वापरा, आणि स्वतःच्या यादीतली ळ व ॲ असलेली नावे घालून निकाल डोळ्यांनी पाहा. कोलेटर फक्त क्रमापुरता. ओळख क्रमांकावरच राहू द्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

नोंदी डेटाबेसमधूनच गेल्या असतील, म्हणजे चुकीचा सेट वापरून "दुबार" समजून त्या पुसल्या गेल्या असतील, तर कोडला हात लावू नका. प्रोग्राम बंद ठेवा, आहे ती प्रत जपा, डेटाबेस सांभाळणाऱ्याला बोलवा. तुम्ही दुरुस्त केलेला प्रोग्राम त्या उरलेल्या यादीवर पुन्हा चालवलात तर परत मिळण्यासारखेही जाईल.

यादीवर कोणाचा हक्क अवलंबून असेल, जसे देवस्थानाच्या महाजनांची यादी, पतसंस्थेचे भागधारक, निवडणुकीत कोण मत देणार, तर एकट्याने दुरुस्ती करू नका. आधीची छापील यादी आणि नवी यादी दोघांनी मिळून नावानिशी पडताळावी, आणि समितीला लेखी कळवावे.

क्लासची वंशावळ असेल, म्हणजे सभासदापासून आजीव सभासद काढलेला असेल आणि दोघांच्या इक्वल्स वेगळ्या असतील, तर पहिला दुसऱ्याला सारखा म्हणतो पण दुसरा पहिल्याला नाही, अशी स्थिती येते. डेटाबेसमधल्या नोंदींच्या वस्तू करून देणाऱ्या हायबरनेटसारख्या लायब्ररीतून येणाऱ्या वस्तूंना तर सेव्ह होईपर्यंत क्रमांकच नसतो, आणि कधी मूळ वस्तूऐवजी तिचा प्रतिनिधी हातात येतो. आणि एकाच सेटमध्ये दोन थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग) लिहीत असतील तर बिघाड दर वेळी वेगळ्या जागी दिसेल. या तिन्ही ठिकाणी अर्ध्या दिवसात कारण सापडले नाही तर अनुभवी माणसाला विचारा. जाताना लक्षणांचा तो कागद, आधी-नंतरची मोजणी आणि भांडणारे त्रिकूट सापडले असेल तर तेही सोबत न्या. त्याचा निम्मा वेळ वाचेल.